किड्यांच्या मुलखातला जकात अधिकारी

साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी उभी नोकरी मिठागरांवर आणि जकात नाक्यांवर काढली. त्यांचे नाव मात्र राहिले ते मुंग्या, वाळवी, फुलपाखरे आणि डास यांच्याशी त्यांनी आयुष्यभर जोडलेल्या ओळखीमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या या संस्थापकाच्या आयुष्याचा हा मागोवा.

पावसाळ्याच्या रात्री दिव्याभोवती जमणारे किडे, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी, पुस्तकांच्या कपाटात निमूटपणे शिरणारी वाळवी आणि कानाशी गुणगुणणारा डास या सोबत्यांची भारतीय घराला शतकानुशतके सवय आहे. त्यांना झटकणे, चिरडणे किंवा धुराने पळवून लावणे एवढाच माणसाचा त्यांच्याशी संबंध येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या मीठ आणि जकात खात्यातील एका अधिकाऱ्याने मात्र या बिनबोलावलेल्या पाहुण्यांशी रीतसर परिचय करून घेतला. कोण कुठून येतो, काय खातो, कशासाठी धडपडतो, कोणाला घाबरतो याची त्याने चौकशी केली आणि ती विनोदी इंग्रजीत लिहून काढली. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याचे पूर्ण नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन.

पक्षीशास्त्राच्या क्षेत्रात सलीम अली यांचे नाव घरोघरी पोहोचले. ज्या संस्थेच्या छत्राखाली सलीम अली घडले त्या संस्थेच्या पहिल्या मानद सचिवाचे नाव मात्र आज मोजक्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे. एटकेन यांचा जन्म, शिक्षण, नोकरी आणि लेखन यांचा फार मोठा भाग आजच्या महाराष्ट्रात, गोव्याच्या सीमेवर आणि कारवारच्या किनाऱ्यावर घडला, हे लक्षात घेतले तर ही विस्मृती अधिकच खटकते.

साताऱ्याचे बालपण, पुण्याचे अध्यापन

एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. साताऱ्याचे संस्थान खालसा होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. इंग्रज कुटुंबांतील मुलांना लहानपणीच शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्याची त्या काळची रीत होती. एटकेन यांच्या बाबतीत तसे घडले नाही. प्राथमिक धडे त्यांनी वडिलांकडेच गिरवले आणि उच्च शिक्षण मुंबई व पुणे येथे घेतले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुढे १८८० मध्ये एका कवितेसाठी त्यांना विद्यापीठाचे होमजी करसेटजी पारितोषिकही मिळाले.

१८७० ते १८७६ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते. येरवड्याजवळच्या नव्या इमारतीत हे महाविद्यालय नुकतेच स्थिरावले होते. बाळ गंगाधर टिळक यांचे विद्यार्थिदशेतील दिवसही याच काळातले आणि याच महाविद्यालयातले. लॅटिन आणि ग्रीक या दोन्ही भाषांवर एटकेन यांचे प्रभुत्व होते. प्राण्यांची आणि कीटकांची शास्त्रीय नावे या भाषांतूनच घडवली जातात. जी नावे इतरांना जिभेला जड वाटत, त्यांच्याशी एटकेन पुढे आपल्या लेखनात मनसोक्त खेळले. डासांवरच्या एका प्रकरणासाठी त्यांनी त्वचेखाली सुई टोचणाऱ्यांना शोभेल असा एक लांबलचक ग्रीक शब्दच रचला होता.

अध्यापन सोडून एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात रुजू झाले. लॅटिनच्या शिक्षकाला मिठाच्या राशींवर देखरेख करण्याचे काम मिळावे, हा तसा विजोडच प्रकार होता. पुढील तीस वर्षांत खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा, गोव्याची सीमा आणि मुंबई अशा अनेक ठिकाणी त्यांच्या बदल्या होत राहिल्या. बहुतेक ठिकाणे एकाकी, करमणुकीची साधने नसलेली. क्लब, शिकार आणि पत्ते यांत वेळ घालवणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा एटकेन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आपल्याच बंगल्याच्या भिंतींकडे, छपराकडे आणि कुंपणाकडे पाहायला सुरुवात केली.

धुळीच्या गावातली सरहद्द

कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर असलेले खाराघोडा हे मिठाचे मोठे केंद्र. दूरवर पसरलेली खारट सपाट जमीन, रणरणते ऊन आणि सतत उडणारी धूळ. एटकेन यांच्या पुस्तकात ‘डस्टीपूर’ या नावाने जे गाव येते ते हेच. निसर्ग निरीक्षकाने पाठ फिरवावी असे हे ठिकाण. पण याच गावाने मराठी मुलखात जन्मलेल्या या लेखकाला त्याचा विषय दिला.

‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच एक खोच आहे. दुसरे अफगाण युद्ध १८८० मध्ये संपले होते आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हालचाली, त्यांचे हल्ले आणि त्यांच्याशी करावयाचे करारमदार यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरलेले असत. एटकेन यांनी सरकारी अहवालांची ही सारी भाषा उचलली आणि ती आपल्या बंगल्याला लागू केली. त्यांची सरहद्द म्हणजे घराचा उंबरठा आणि टोळ्या म्हणजे उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, मधमाश्या, गांधीलमाश्या, कोळी, बेडूक, ढेकूण आणि वाळवी. पुस्तकाला त्यांनी एका निसर्ग अभ्यासकाचे परराष्ट्र धोरण असे उपशीर्षक दिले. एफ. सी. मॅक्रे यांच्या रेखाचित्रांनी या विनोदाला आणखी धार आणली.

विनोदाच्या पाठीशी निरीक्षण होते, म्हणूनच हे पुस्तक टिकले. कुंभारीण माशी भिंतीवर मातीची कोठडी बांधते, तीत कोळी आणून ठेवते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. हे कोळी मेलेले नसतात, डंखाने फक्त लुळे पडलेले असतात, म्हणजे अंड्यातून अळी बाहेर पडेपर्यंत तिचे अन्न ताजे राहते. वाळवी प्रकाशाला टाळते आणि मातीचे बोगदे रचत लाकडापर्यंत पोहोचते. मुंगीला एका दाण्याची खबर लागली की काही मिनिटांत रांग लागते. या गोष्टी प्रत्येक घरात घडतात. पण त्यांच्यापुढे तासन्‌तास बसून राहणारा माणूस विरळा. फ्रान्समध्ये याच काळात ज्याँ आंरी फाब्र हे कीटकांच्या वर्तनावरील आपला मोठा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करत होते. त्याचा पहिला खंड १८७९ चा. दोघांची वृत्ती एकाच जातीची. मेलेल्या किड्याला टाचणीने टोचून पेटीत ठेवण्यापेक्षा जिवंत किडा काय करतो ते पाहण्यात दोघांनाही अधिक रस होता.

१८८३ चे वर्ष

एटकेन यांच्या आयुष्यात १८८३ हे वर्ष तिहेरी महत्त्वाचे ठरले. याच वर्षी त्यांचा विवाह झाला, याच वर्षी त्यांचे पहिले पुस्तक आले आणि याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जण एकत्र जमले. आज ही वास्तू डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. निसर्गाविषयीच्या नोंदींची देवाणघेवाण करावी, जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, दरमहा एकदा भेटावे, एवढाच या मंडळींचा साधा हेतू होता. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली.

या आठांत दोन मराठी डॉक्टर होते ही बाब आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. एक, प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मुंबईचे माजी शेरीफ डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. दुसरे, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन राऊत. संमती वयाच्या प्रश्नावर पुढे देशभर गाजलेल्या खटल्यातील डॉ. रखमाबाई यांचे ते सावत्र वडील. गोऱ्यांचे क्लब हिंदी माणसाला दार उघडत नसत, त्या काळात एका टेबलाभोवती इंग्रज अधिकारी आणि मराठी डॉक्टर किडे, साप आणि पाने यांवर चर्चा करत बसले होते. १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले आणि संस्थेने आपला एक मोठा वनस्पती अभ्यासक अकाली गमावला.

एटकेन हे संस्थेचे पहिले मानद सचिव. मार्च १८८६ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. संस्थेचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या संपादनाचे कामही त्यांनी आर. ए. स्टर्नडेल यांच्यासह केले. कीटक विभागाची धुराही त्यांच्याकडेच आली. नियतकालिकाने सुरुवातीपासून एक धोरण ठेवले. शिकाऱ्याची, वनाधिकाऱ्याची, रेल्वेच्या इंजिनीअरची किंवा एखाद्या नाक्यावरच्या कारकुनाची छोटी नोंदही त्यात छापली जाई, मात्र ती पाहिलेल्या गोष्टीची असली पाहिजे. भारतातील निसर्गविज्ञानाचा पाया अशा हौशी माणसांच्या नोंदींवर रचला गेला आणि त्यात एटकेन यांच्या संपादकीय दृष्टीचा वाटा मोठा आहे.

कारवारची फुलपाखरे

एटकेन यांची बदली कारवारला झाली आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत समृद्ध पर्व सुरू झाले. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. समुद्र, खाड्या, काळी नदी आणि किनाऱ्याला जवळजवळ भिडलेले सह्याद्रीचे घनदाट जंगल असा हा प्रदेश. खाराघोड्याच्या वैराण मुलखानंतर एटकेन यांना येथे कीटकांचे भांडारच सापडले.

जिल्ह्याचे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन हेही याच वेडाचे. पुढे वन खात्यातील तरुण अधिकारी टी. आर. बेल यांना या दोघांनी आपल्या नादी लावले. एक महसुलाचा, एक जकातीचा आणि एक जंगलाचा, अशा तीन खात्यांच्या तीन अधिकाऱ्यांनी मिळून जे काम केले ते भारतीय फुलपाखरांच्या अभ्यासात आजही आधारभूत मानले जाते.

त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळीने पकडणे, मारणे, पंख पसरून टाचणे आणि नाव देणे. त्यामुळे पंखांचे रंग ठाऊक असत. पण ते फुलपाखरू कोणत्या झाडावर अंडी घालते, त्याची अळी कशी दिसते, कोष कुठे टांगलेला असतो, यांविषयी बहुतेक जातींबाबत काहीच माहिती नव्हती. डेव्हिडसन आणि एटकेन यांनी उलट दिशेने सुरुवात केली. पानांवर अळ्या शोधायच्या, त्या घरी आणायच्या, ज्या झाडावर सापडल्या त्याच झाडाचा ताजा पाला त्यांना रोज घालायचा, कात टाकताना होणारे बदल टिपायचे आणि कोषातून काय बाहेर पडते त्याची वाट पाहायची. हे काम चिकाटीचे होते. पाला एक दिवस चुकला तर अळी मरते. अळीच्या अंगात आधीच परजीवी माशीने अंडी घातलेली असतील तर फुलपाखराऐवजी कोषातून माश्या बाहेर पडतात आणि कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात.

मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांच्या अळ्या आणि कोष यांवरील डेव्हिडसन आणि एटकेन यांचा निबंध १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नंतर बेल यांच्यासह तिघांनी लिहिलेली उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील लेखमाला १८९६ पासून आली. रुईवर वाढणारे कोण, लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणारे कोण, वडा-उंबरावरचे कोण, याची जी माहिती आज बागेत फुलपाखरे यावीत म्हणून झाडे लावणाऱ्या शहरी हौशी माणसाला सहज मिळते, तिच्यातील मोठा भाग या तिघांनी पाला गोळा करून मिळवलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. फुलपाखरू वाचवायचे तर त्याच्या अळीचे झाड वाचवावे लागते, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराची पायवाट कारवारच्या त्या बंगल्यांच्या व्हरांड्यातून जाते.

मांसाहारी अळी

अळी म्हणजे पाने कुरतडणारी, असा सर्वसाधारण समज असतो. एटकेन यांनी १८९४ मध्ये नियतकालिकात ‘स्पाल्जिस एपियस’ या लहानशा, करड्या, कोणाचे लक्षही जाऊ नये अशा फुलपाखराच्या अळीचे आणि कोषाचे वर्णन प्रसिद्ध केले. ही अळी पाने खात नाही. झाडांचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत ती राहते आणि त्या ढेकणांनाच खाते. अंगावर पांढरी पूड लपेटलेली असल्याने ती त्यांच्यात मिसळून जाते. तिचा कोष तर अधिकच चमत्कारिक. पाठीच्या बाजूने पाहिले की चक्क माकडाचा चेहरा दिसतो. इंग्रजीत या फुलपाखराला पुढे ‘एपफ्लाय’ हे नाव मिळाले ते त्यामुळेच.

ही केवळ गंमत राहिली नाही. २००८ च्या सुमारास पपईवरील पिठ्या ढेकूण परदेशातून दक्षिण भारतात शिरला आणि त्याने बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हा या किडीच्या नैसर्गिक शत्रूंचा शोध घेणाऱ्या संशोधकांचे लक्ष याच फुलपाखराकडे गेले. पिठ्या ढेकणाचे नियंत्रण कीटकनाशकांच्या फवाऱ्याऐवजी त्याच्या भक्षकाकडून करता येईल का, या प्रश्नावर काम झाले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका जकात अधिकाऱ्याने टिपलेल्या निरीक्षणाचा संबंध असा थेट शेतकऱ्याच्या बांधाशी पोहोचतो.

१८९० मध्येच त्यांनी आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या घरट्यांवरही टिपण लिहिले होते. या मुंग्या आपल्याच अळ्यांना तोंडात धरून त्यांच्या रेशमी धाग्याने पाने शिवतात, हे कोडे त्याच काळात उलगडत होते. ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे १८९४ मध्ये आलेले पुस्तक कारवारच्या या दिवसांचे फळ. त्याआधी १८८९ मध्ये ‘बिहाइंड द बंगलो’, नंतर १८९८ मध्ये ‘द फाइव्ह विंडोज ऑफ द सोल’ आणि १९०० मध्ये मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे पुस्तक, असे त्यांचे लेखन सुरूच राहिले.

गोव्याच्या सीमेवरचा ताप

एटकेन यांच्या लेखनात डास ही थट्टेची एक टोळी होती. १९०२ मध्ये मात्र हा विषय थट्टेचा उरला नाही. गोव्याशी असलेला जकातविषयक करार १८९२ मध्ये संपला होता आणि सीमेवर पुन्हा जकात नाके उभे राहिले होते. घाटांच्या पायथ्याशी, जंगलात, ओढ्यांच्या काठी वसलेल्या या नाक्यांवर माणसे हिवतापाने आजारी पडत होती. नाक्यावरचा शिपाई, कारकून, त्यांची बायकामुले यांतून कोणीही सुटत नसे. या तापाचे कारण शोधून त्यावर उपाय सुचवण्यासाठी सरकारने एटकेन यांची खास नेमणूक केली.

डॉक्टर नसलेल्या माणसाकडे हे काम यावे यामागे एक मोठी घटना होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या आवरणात हिवतापाचे परोपजीवी आढळले. दूषित हवेने ताप येतो ही जुनी समजूत त्या दिवसापासून कोसळू लागली. रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९०२ मध्येच. ताप डासामुळे येतो, तर डास ओळखणारा माणूस हवा, असा हा सरळ हिशेब होता आणि सीमेवरच्या जंगलाची व तिथल्या कीटकांची एटकेन यांच्याइतकी माहिती फार थोड्यांना होती.

सगळे डास हिवताप पसरवत नाहीत. तो पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस बसतो तेव्हा त्याचे शेपूट वर उचललेले असते. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून असते, तर घरगुती क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून लोंबकळते. अ‍ॅनॉफिलिसच्याही जाती अनेक. कोणी साचलेल्या डबक्यात अंडी घालते, कोणी वाहत्या ओढ्याच्या काठच्या गवतात, कोणी जंगलातील सावलीच्या पाण्यात. नाक्याजवळचे नेमके कोणते पाणी धोक्याचे, हे ठरवायचे तर प्रत्येक डबक्यात वाकून अळ्या गोळा कराव्या लागत. पन्नाशी ओलांडलेल्या एटकेन यांनी हे काम केले. आयुष्यभर ज्या सवयीने फुलपाखरांच्या अळ्या शोधल्या त्याच सवयीने आता डासांच्या अळ्या शोधल्या जात होत्या. फरक एवढाच की या वेळी माणसांचे प्राण त्यावर अवलंबून होते.

या मोहिमेत त्यांना अ‍ॅनॉफिलिसची एक नवी जात सापडली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डास तज्ज्ञ एस. पी. जेम्स यांनी ती तपासून तिला ‘अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय’ असे नाव दिले. यात एक गमतीचा भाग आहे. जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत वाढणारी ही जात माणसांत हिवताप पसरवणाऱ्यांपैकी मानली जात नाही. त्यांच्या नावाचा डास निरुपद्रवी निघाला. पण उपद्रवी आणि निरुपद्रवी डास वेगळे ओळखणे हाच हिवतापाविरुद्धच्या लढ्याचा पाया असल्याने या शोधाचे मोल कमी होत नाही.

त्या काळात हा लढा सोपा नव्हता. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत डास हटवण्याचा जो मोठा प्रयोग झाला त्याला अपेक्षित यश आले नाही. डबकी बुजवणे आणि पाण्यावर तेल टाकणे पुरेसे आहे, की क्विनीन वाटणेच व्यवहार्य आहे, यावर सरकारी डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. हा वाद नंतरची अनेक दशके चालला.

मिठाचा कर आणि विनोदाची सीमा

एटकेन यांचे चरित्र केवळ गौरवाच्या सुरात सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या खात्यात त्यांनी तीस वर्षे काढली ते खाते गरिबाच्या भाकरीसोबतच्या चिमूटभर मिठावर कर वसूल करत होते. त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १९३० मध्ये, याच कराविरुद्ध देश पेटून उठला. गोव्याच्या सीमेलगत असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. उरणजवळ चिरनेर येथे त्याच वर्षी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. एटकेन ज्या मुलखात फुलपाखरे शोधत हिंडले त्याच मुलखात हे घडले.

त्यांच्या विनोदालाही काळाची मर्यादा आहे. ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात बंगल्यावरच्या हिंदी नोकरांची जी शब्दचित्रे आहेत त्यांत आपुलकी आहे, तसाच साहेबी वरचढपणाही आहे. आजचा वाचक ती वाचताना अवघडतो. मुंगीकडे समान पातळीवरून पाहणारी ही नजर माणसाकडे पाहताना मात्र अनेकदा व्हरांड्याच्या उंचीवरूनच पाहत राहिली. कीटकांविषयीचे त्यांचे लेखन टिकून राहिले आणि नोकरांविषयीचे शिळे झाले, यामागचे कारण कदाचित हेच असावे.

मे १९०३ मध्ये एटकेन कराचीला जकात आणि मीठ खात्याचे मुख्य कलेक्टर म्हणून गेले. १९०५ च्या अखेरीस सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. ऑगस्ट १९०६ मध्ये ते निवृत्त झाले आणि एडिंबरा येथे स्थायिक झाले. गॅझेटियर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या देशात जन्म आणि हयात गेली तो सोडल्यानंतर त्यांना फार आयुष्य लाभले नाही. एप्रिल १९०९ मध्ये अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. १९१४ मध्ये त्यांच्या विखुरलेल्या लेखांचा एक संग्रह निघाला. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डब्ल्यू. बी. बॅनरमन यांनी त्यासाठी त्यांच्या आठवणी लिहिल्या. कारवारचे त्यांचे तरुण सहकारी बेल यांनी हे काम पुढे अनेक वर्षे नेले आणि निवृत्तीनंतरही ते कारवारलाच राहिले.

चामोर्शीच्या तळ्यांपर्यंत

एटकेन यांचे पाय विदर्भाच्या या टोकाला लागल्याची नोंद नाही. तरीही त्यांच्या कामाचा अर्थ आज कुठे शोधायचा तर तो चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. वैनगंगेकाठचा चामोर्शी तालुका धानाचा. बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी, जोडीला मालगुजारी काळापासूनचे मामा तलाव. त्यापलीकडे धानोरा, एटापल्ली, भामरागड या डोंगराळ तालुक्यांत जंगल आणि वाहते ओढे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. औषधभारित मच्छरदाण्या आल्या, गावातच रक्त तपासता येईल अशा पट्ट्या आशा कार्यकर्त्यांच्या हाती आल्या. तरीही कोणत्या पाण्यात कोणता डास वाढतो हा १९०२ चा प्रश्न येथे जुना झालेला नाही. प्रत्येक पावसाळ्यात तो नव्याने विचारावा लागतो.

याच जिल्ह्यात किड्याशी दुसऱ्या प्रकारचे नातेही नांदते. आरमोरी परिसरात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या सोडल्या जातात. पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून त्यांचे रक्षण करण्यासाठी ढिवर समाजातील कुटुंबे जंगलात राखण करतात. अळीने कोणता पाला खाल्ला, कात कधी टाकली, कोष कधी विणला, याकडे त्यांचे लक्ष असते, कारण त्या कोशावरच घर चालते. डेव्हिडसन आणि एटकेन यांनी जी चिकाटी शास्त्रासाठी दाखवली, ती येथे पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. तिची नोंद कोणत्याही नियतकालिकात झालेली नाही एवढाच फरक.

कीटकांची संख्या जगभर घटत असल्याचा इशारा अभ्यासक गेली काही वर्षे देत आहेत. शहरांत दिव्याभोवती जमणारी गर्दीही पूर्वीसारखी राहिलेली नाही, असे जुनी माणसे सांगतात. कीटक नाहीसे झाले तर फुलांचे परागीभवन, जमिनीचा कस आणि पक्ष्यांची पिले यांचे काय होणार, हा प्रश्न आता केवळ हौशी अभ्यासकांचा उरलेला नाही. मुंबईतल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये सोसायटीचे काम आजही चालू आहे आणि तिच्या नियतकालिकाच्या जुन्या खंडांत एटकेन यांची टिपणे जागोजागी सापडतात. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, पदवीही शास्त्राची नाही, अशा एका सरकारी नोकराने कामाच्या वेळेनंतर घराच्या व्हरांड्यात बसून मिळवलेली ही माहिती आहे. असा व्हरांडा किंवा निदान खिडकीतली एखादी कुंडी आज अनेक घरांत आहे. तिच्यातल्या अळीकडे औषधाची बाटली घेऊन जाण्यापूर्वी दोन दिवस थांबून पाहण्याची तयारी असली, तर एटकेन यांचे काम पुढे नेण्यासाठी आणखी कशाची गरज नाही.